शोभेचा शब्द

गेल्या महिन्यात एका वयस्क बाईंची सही घ्यायला घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये गेलेले. आमचं ऑफिस नौपाड्यात. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं असले कागद आम्ही तयार करतो, आणि ज्यांना जिना उतरणं जमत नाही त्यांच्या घरी मी जाते. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं वहीत नाव लिहायला लावलं.

"कुणाकडे?"

"बी विंग, चौदावा मजला."

"पहिल्यांदाच आलात?"

मी हो म्हणाले, पेन परत दिलं, मान वर केली, तर समोर चिंच.

म्हणजे मी खोटं बोलले होते. त्या गेटच्या आत मी आयुष्याची पहिली एकवीस वर्षं काढली आहेत. गाव पुसलं गेल्यावर ओळख पटायला काही उरत नाही, पण झाड ओळखता येतं. आमच्या चिंचेला खालून दुसरी फांदी वाकडी होती, अगदी कोपरात मोडलेल्या हातासारखी. ती तशीच होती. बुंध्याभोवती टाइल्सचा गोल पार, पाराला स्टीलची कड, आणि एक पाटी: कृपया चिंचा तोडू नयेत. जिथे बाव होती, म्हणजे आमची विहीर, तिथे कारंजं केलंय. बंद होतं.

मी पारावर बसले. मांडीवर बॅग, बॅगेत कागद, आणि कागदाच्या दुसऱ्या पानावर तो शब्द. एम, ई, डबल एस, यू, ए, जी, ई.

उच्चार 'मेस्विज' असा काहीसा आहे. पण आमच्या घरात तो कधी कुणी उच्चारलाच नाही. आमच्या घरात तो बोटांना येत होता.

बाबा ठाण्याला कोर्टाबाहेर टायपिस्ट होते. सातवी शिकलेले. ताडपत्रीखाली टेबल, टेबलावर मशीन, मशीनवर ऊन पडू नये म्हणून एक जुना टॉवेल. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, आणि इंग्रजी त्यांच्याइतकं बिनचूक त्या ओळीत कुणी टाइप करत नव्हतं. मोठा कागद असला की ते रविवारी तो घरी आणत आणि आम्ही अंगणात तपासायला बसत असू. मी मूळ मसुदा हातात धरून एकेक अक्षर मोठ्यानं वाचायची, कॉमा, फुलस्टॉप, नवी ओळ सगळं बोलायची, आणि ते टाइप केलेल्या पानावर बोट सरकवत जायचे. मी पाचवी-सहावीपासून हे केलं. इंग्रजी मी अशी शिकले, अर्थ बाजूला ठेवून.

"वाचायचा नाय, बाय, नुसता बगायचा," बाबा सांगायचे. "वाचला की चुकला."

हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम होता. वाक्य समजायला लागलं की मन पुढे पळतं, आणि बोट मागे राहून भलतंच अक्षर मारतं. म्हणून चांगला टायपिस्ट अर्थाच्या वाटेला जात नाही.

मागे आतेची खोप होती. आते म्हणजे बाबांची मोठी बहीण, लग्नानंतर दोन वर्षांत परत आलेली आणि मग जन्मभर मिठागरावर राबलेली. दिवाळी झाली की तिचा मोसम सुरू व्हायचा. पहाटे निघायची, उन्हं डोक्यावर आली की परतायची, आणि तिच्याबरोबर खाडीचा वास अंगणात यायचा, चिखलाचा, खाऱ्या पाण्याचा, तापलेल्या बांधाचा. तिच्या टाचांच्या भेगांत मिठाचे कण अडकलेले असत. ती बावीवर पाय धुवायला बसली की मी त्या पाण्याकडे बघत राहायची. चैत्रात चिंचा उतरवायच्या, फोडायच्या, त्यात तिनंच आणलेलं जाडं मीठ घालायचं आणि गोळे करून ठेवायचे. त्याच सुमारास खोपीच्या पत्र्यावर सुकट वाळत असे. अंगणाच्या एका टोकाला सुकट आणि दुसऱ्या टोकाला कार्बन पेपर. कार्बनचा वास मला अजून कुठे आला की आधी सुकट आठवते. हे कुणाला सांगितलं तर हसतात.

आम्ही तपासत असलो की आते मध्येच ओरडायची, "काय चाललाय ह्यो मंतर? भटजी परवरला, मंतर बोलून निदान परसाद तरी देतो."

"आते, गप ना, चुकेल!"

"चुकू दे. चुकला तर कुनाला कलनार हाय?"

घर का विकलं ते सांगत बसत नाही. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या आळीत सगळेच विकत होते. एका घरात शांतपणे बोलणी व्हायची, मग शेजारच्या घरात, जशी एकेक पणती विझत जाते. ठरलं ते असं: पुढचं घर आणि त्याखालची जागा द्यायची. मागची खोप, बाव, चिंच आणि तेवढं अंगण आतेचं. ती जिवंत आहे तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. बिल्डरचा माणूस आमच्या ओटीवर चहा पिऊन म्हणाला, "काका, आत्याबाईंची खोली तश्शीच राहील. बोललोय ना आपण?" बाबांना तेवढं पुरलं. जन्मभर दुसऱ्यांचे कागद केले त्या माणसानं स्वतःच्या वेळी तोंडच्या बोलण्यावर विश्वास ठेवला. आमच्याकडे तसंच होतं. कागद परक्यांसाठी असायचा.

आतेला हे सांगितलं तेव्हा ती सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घर काय मासा हाय? मुंडी एकाला न शेपटी दुसऱ्याला?"

"अगो, मागचा सगला तुजा. पुढचा फकस्त घर इकतंव."

"घर बोलला म्हंजे आंगन आला. बाव आली. चिच आली." मग स्वतःच्या छातीवर हात मारून, "मी पन आली."

आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात जास्त. त्याच आठवड्यात माझा बीएचा निकाल लागला होता. विषय इंग्रजी. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आळीतली पहिली मुलगी. बाबांनी कोर्टाच्या अख्ख्या ओळीला पेढे वाटले होते.

मसुदा बिल्डरच्या वकिलानं हातानं लिहून पाठवला. टाइप बाबाच करणार होते, दुसरं कोण करणार? "माज्या घराचा कागद माज्याच मशीनवर," ते म्हणाले. त्यांनी नवी रिबन घातली. मला म्हणाले, चल, तपासायला तूच बस. मी त्यांच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसले, पदवीधर, नवा ड्रेस घालून.

दुसऱ्या पानावर मशीन थांबलं.

पलीकडच्या टेबलावर गद्रेकाका होते, ओळीतले सगळ्यात जुने टायपिस्ट, जिभेला धार. "काय रे, थांबलास का? स्वतःचं घर म्हणून हात जड झाला?"

"नाय हो. ह्या शब्दाचा अर्थ काय असंल?"

गद्रेकाकांनी मान लांब करून बघितलं. "तीस वर्षं बडवतोयस हा शब्द, आणि आज अर्थ विचारतोस? मला नको विचारू, मी जुना मॅट्रिक. तुझी बीए बसलीय ना शेजारी? की पेढे फुकटच खाल्ले आम्ही?"

आजूबाजूची दोन-तीन मशीनं थांबली. बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मला आजही स्वच्छ दिसतो. काळजीचा नव्हता तो, कौतुकाचा होता. ते गद्रेकाकांना आपली पोर दाखवत होते.

"सांग गो, बाय. काय अर्थ?"

तो शब्द मी शेकडो वेळा वाचला होता, अक्षरं सुटी करून. अर्थ मला माहीत नव्हता. 'बघून सांगते' एवढं म्हणता आलं असतं. कॉलेजची लायब्ररी रिक्षानं दहा मिनिटांवर होती. पण घरात पहिल्यांदा शिकलेल्या माणसाला सगळं यावं लागतं. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, बँकेच्या फॉर्मात कुठे काय भरायचं, कोर्टाच्या नोटिशीत काय म्हटलंय. त्याच्या मागे विचारायला कुणी नसतं. त्याला 'माहीत नाही' म्हणायची सवयच लागत नाही.

मी म्हणाले, "काही नाही हो, बाबा. जुन्या इंग्रजीतला शब्द आहे, शोभेचा. आपण पत्राला राजमान्य राजश्री लावायचो ना, तसा. असला काय, नसला काय."

"म्हंजे काढला तरी चालंल?"

"चालेल."

"आनि ठेवला तर?"

"तरी चालेल."

बाबांनी क्षणभर मसुद्याकडे बघितलं. "वकिलानं लिवलाय. मग राहू दे."

आणि टाइप केला. उजव्या हाताचं पहिलं बोट, एम. डाव्या हाताचं मधलं, ई. अनामिका दोनदा, डबल एस. परत उजवा, यू. डावी करंगळी ए, पहिलं बोट जी, मधलं ई. गद्रेकाका म्हणाले, "शाब्बास पोरी, पेढा पचला." सगळी मशीनं पुन्हा सुरू झाली. त्या आवाजात मला फार बरं वाटत होतं.

त्यानंतरच्या मिठाच्या मोसमात माणसं आली आणि आतेच्या खोपीवर चुन्यानं फुली मारून गेली. आम्ही तोवर डोंबिवलीला चौथ्या मजल्यावर राहायला गेलेलो. बाबा म्हणाले, तू जा बिल्डरच्या वकिलाकडे, तुला इंग्रजी बोलता येतं. मी गेले. नौपाड्यातलं नीटनेटकं ऑफिस, भिंतीला पुस्तकं. वकील सभ्य होते. पाणी दिलं.

"ताई, सही करायच्या आधी कागद वाचला होतात ना?"

"वडिलांनी स्वतः टाइप केलाय."

"मग तर प्रश्नच मिटला." त्यांनी दुसरं पान उघडलं आणि पेन्सिलीनं एका शब्दाखाली हलकी रेघ ओढली. "हा शब्द आहे ना, ह्यात सगळं येतं. राहतं घर, त्याला लागून असलेल्या खोल्या, गोठा, अंगण, विहीर. घराच्या वापरातली सगळी जागा. आत्याबाईंचं नाव कुठल्याच कागदावर नाही. तोंडी काय ठरलं ते मला माहीत नाही." मग सहज, टोमणा म्हणून नव्हे, विचारलं, "तुम्ही इंग्रजीत बीए ना?"

तिथून मी चालत कोर्टाकडे गेले. बाबा टेबलावर नव्हते, रस्त्याच्या कडेला येऊन उभे होते.

"काय बोलला?"

"बिल्डर फिरला, बाबा. बोलल्याला जागला नाही."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाबांनी त्या बिल्डरला त्या दिवशी शिव्या दिल्या, आणि पुढे वीसेक वर्षं देत आले. त्या शिव्या ऐकताना मी कधी मान हलवायचे, कधी पोळी लाटायला आत जायचे.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन सगळ्यात जाड कोश काढला. अर्थ होता वकिलांनी सांगितला तोच. पुढे त्याचं कूळ दिलं होतं. तो शब्द आता इंग्रजांच्याही तोंडात नाही, फक्त कागदात उरलाय. त्यांच्या देशावर फ्रेंच बोलणाऱ्या राजांचं राज्य होतं त्या काळातला, कोर्टाच्या भाषेतला. मूळ फ्रेंच शब्दात बहुधा 'एन' होता, कुणा कारकुनानं नक्कल करताना तो 'यू' वाचला असावा, आणि तीच चूक पुढे शेकडो वर्षं बिनचूक उतरवली गेली. हे वाचून मला आधी बाबा आठवले. वाचला की चुकला. सगळ्यात खाली, सगळ्यात जुनं, लॅटिनमधलं मूळ होतं. त्याचा अर्थ: राहणे. एका जागी टिकून राहणे.

मी कोश बंद केला. शेजारच्या टेबलावर दोन मुली सिनेमाबद्दल कुजबुजत होत्या. मला त्यांचा राग आला, कारण त्यांना कुणी काही विचारणार नव्हतं.

आते डोंबिवलीला आली ती एक ट्रंक, एक कोयता आणि मिठाची पिशवी घेऊन. पहिल्याच सकाळी तिनं बाल्कनीत सडा घातला. खालच्या मजल्यावरून आवाज आला, "अहो आजी, पाणी गळतंय आमच्या कपड्यांवर!" ती वाकून म्हणाली, "पानीच हाय, आसिड नाय!" मग कधी सडा घातला नाही. बाल्कनीच्या कोपऱ्यात बसून राहायची. पायांच्या भेगा भरून आल्या. तळवे इतके मऊ झाले की ती स्वतःच त्यांवरून हात फिरवायची, ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसा.

तिला मी सांगितलं. एका दुपारी, बाबा कोर्टात असताना. तो शब्द, त्याचा अर्थ, मी काय बोलले, सगळं. ती ऐकत होती. मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं.

"काय अर्थ बोललीस?" तिनं परत विचारलं.

मी परत सांगितलं. घर, खोल्या, अंगण, विहीर.

"ह्यो अर्थ त मी सांगलेला, गो. आंगनान बसून. तू कनाला पुस्तकान बगाला गेलीस?"

तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखरचं नवल होतं. मी रडायला लागले तर तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं नाही, तशी ती नव्हतीच. फक्त म्हणाली, "तुज्या बाबाला नको सांगू. मंग त्याच्या हातून एक अक्षर नाय उमटाचा."

पुढच्या मोसमात ती गेली. मिठाची पिशवी तशीच होती, आतलं मीठ पाणी सुटून दगड झालेलं.

सिक्युरिटीवाला पाराजवळ आला. "मॅडम, वर जायचं होतं ना? बरं वाटत नाहीये का?"

वर गेले. चौदाव्या मजल्यावरच्या बाईंनी चष्मा पुसला. "अगं, सही करते, पण हे लिहिलंय काय ते सांगशील का? मुलगा म्हणतो, कर गं सही, ठरावीकच असतं."

आमच्या ऑफिसात माझी ह्यावरून थट्टा होते. मॅडम गेल्या की शब्दकोश उघडतात, अर्ध्या तासाचं काम दोन तास. मी एकही शब्द सोडत नाही. त्या शब्दाशी आले. तो आमच्या नमुन्यात आहे, प्रत्येक कागदात आपोआप येतो, मीच रोज उतरवते. मी सांगितलं: घर, खोल्या, अंगण, विहीर.

बाई हसल्या. "चौदाव्या मजल्यावर कसलं अंगण गं?"

त्यांच्या खिडकीतून खाली चिंच दिसत होती. वरून ती वाकडी फांदी कळत नाही, नुसता हिरवा ठिपका दिसतो. मी म्हणाले, इथे सही करा.

घरी परतताना ठरवलं, आज बाबांना सांगायचं. आतेनं नको म्हटलं होतं ते त्यांच्या हातासाठी, आणि आता हातच उरला नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं तुटक झालंय, दिवस-वार उलटसुलट होतात, मला कधी कधी आतेच्या नावानं हाक मारतात. मशीन कपाटावर आहे, टॉवेल घातलेलं. मला वाटत होतं, एक माणूस तरी उरलाय ज्याला हे खरं सांगता येईल. उशीर केला तर तोही उरणार नाही.

संध्याकाळी त्यांना चहा पाजला. ते खिडकीकडे बघत होते. डावा हात चादरीवर होता आणि बोटं हलत होती. डॉक्टर म्हणाले होते, हलू द्या, सवय आहे. मीही रोज बघते, लक्ष देत नाही. त्या दिवशी दिलं.

आधी काहीच नाही, बोटं थांबलेली. मग मधलं बोट. अनामिका, दोनदा. परत थांबली. मग करंगळी, पहिलं बोट, मधलं. एम आणि यू उजव्या हाताचे. उजवा हात उशीवर पडून होता, आणि डावा त्याच्यासाठी बरोबर तेवढा वेळ थांबत होता.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा.

मी कप खाली ठेवला. "काय लिहिताय, बाबा?"

ते माझ्याकडे वळले. चेहऱ्याची एकच बाजू हलते आता, पण त्या बाजूला तेच होतं. कौतुक. कुणाला तरी दाखवायचं असल्यासारखं.

"सांग... गो, बाय," ते म्हणाले. "काय... अर्थ?"

सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मूळ, कूळ, कारकुनाची चूक, घर, अंगण, बाव, चिंच, आते. आता मला त्या शब्दाचं सगळं येतं. त्याच्याइतका दुसरा कुठलाच शब्द मला येत नाही.

"काही नाही हो, बाबा," मी म्हणाले. "शोभेचा आहे."

 त्यांची बोटं चादरीवर सपाट झाली.

"मग," ते म्हणाले, "राहू दे."